मिठाच्या खड्यातली केळीबाग

ये गं, अशी जवळ सरक. अजून थोडी. पाहुण्यासारखी उंबऱ्याशी काय बसलीस? सुरतेहून फोनवर भाजी काय केली ते विचारायला तुला जमतं, नानांनी गोळी घेतली का ते विचारायला जमतं, आणि मी नुसतं 'ये' म्हटलं की तुझ्या गॅसवर लगेच काहीतरी उतू जायला लागतं. ठेवते गं आई, ठेवते! मला कळत नाही होय? म्हणून आज फोन नाही. आज लिहायलाच बसले आहे. उजव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा अक्षर पाहून हसायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही.

परवा काय म्हणालीस? "आई, यंदा आखाजीला मी येत नाही. मी आले की तू तसल्या हातानं मांडे करायला उभी राहशील. त्यापेक्षा दिवाळीत बघू." मी तेव्हा 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. मग रागच आला. तू मांड्यांची लेक आहेस की माझी? अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, लेक माहेरी येते ती काय नुसती जेवायला? अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा तो कोणासाठी, तुझ्या बापासाठी? नाना बसले तर फांदीच खाली येईल.

पण तुझंही खोटं नाही. मी उभी राहिले असते. अगं, हात मोडल्या दिवसापासून माझं सगळं चित्त त्या एकाच गोष्टीत होतं. आखाजीपर्यंत हात परत यायला हवा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ करायचा, लुगड्याच्या पदरासारखा, आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. नुसत्या लाटण्यानं मांडा होत नाही. मनगट लागतं. आणि माझं तर मनगटच गेलं होतं.

तुला यातलं धड काही माहीत नाही, कारण फोनवर मी 'बरं आहे, बरं आहे' एवढंच सांगत होते. आता सगळं सांगते. मधे बोलू नकोस.

संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. देवपूरला सकाळी काय गारठा असतो तुला ठाऊक आहे. मी मागच्या अंगणात बादली घेऊन गेले, फरशीवर साबणाचं पाणी होतं, पाय सटकला आणि उजवा हात टेकला. कट् असा आवाज आला. मला वाटलं बादलीची कडी तुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून मला दाखवला. माझ्याच हाताचं हाड, आणि मी ते पहिल्यांदा बघत होते. मला आपलं वाटायचं, हाड म्हणजे आत दगडासारखं भरीव असेल. तसं नसतं गं. वाळलेलं गिलकं सोललं की आत कशी जाळी निघते, आपण भांडी घासायला घेतो ती, अगदी तशी बारीक जाळी. डॉक्टर म्हणाले, "आजी, ह्या जाळीवर सगळा भार असतो. वयानं तुमची थोडी विरळ झालीय."

मी म्हटलं, "विरळ झाली तर दाट करायचं औषध द्या."

ते हसले. म्हणाले, "देतो. पण हाड स्वतःचं स्वतः विणतं. आपण फक्त हलवायचं नाही."

मग प्लास्टर. मी, जिला बसल्या जागी दोन मिनिटं बसवत नाही, ती व्हरांड्यातल्या खाटेवर आडवी. तुझी वहिनी शाळेत शिकवायला जायची, तुझा भाऊ कामावर. घरात मी, पेपर वाचणारे नाना, आणि बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी तुझी भाची. ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून मोठ्यानं वाचायची. म्हणायची, "आजी, तुला झोप लागली तर लागू दे, पण मला कोणीतरी ऐकणारं हवं."

दुखणं कमी व्हायच्या गोळ्या होत्या, त्यांनी दिवसभर डोळ्यांवर एक साय धरलेली असायची. धड झोप नाही, धड जाग नाही. व्हरांड्याच्या सिमेंटच्या जाळीतून ऊन यायचं आणि फरशीवर चौकोन चौकोन पडायचे. सकाळी ते नानांच्या खुर्चीपाशी असायचे, मग सरकत सरकत माझ्या खाटेवर चढायचे, प्लास्टरवरून हळूच उतरून भिंतीला लागायचे आणि तिथं लांबट होत होत विझून जायचे. मी आपली त्यांच्याकडे बघत पडलेली. आयुष्यात इतकं ऊन बघितलं, पण ते चालताना मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा मी धुणं वाळत घालत असायचे ना.

आणि त्या उन्हात पोरीचा आवाज. रसायनशास्त्र. स्थायू अवस्था नावाचा धडा होता. मला काय कळणार त्यातलं? पण ऐकून ऐकून चाल लागते बघ, ओवीसारखी. एकदा ती म्हणत होती की मीठ, साखर, हिरा, ह्या सगळ्यांच्या आत कणांची एक ठरलेली मांडणी असते, तिला स्फटिक जालक म्हणतात. मी डोळे मिटूनच म्हटलं, "मिठात कसली गं मांडणी? ओतलं की सांडलं."

ती उठली. नानांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं, त्यांच्या चष्म्याच्या काळ्या डबीवर मिठाची चिमूट टाकली आणि माझ्या डोळ्यांशी धरली. काय सांगू तुला! सगळे दाणे चौकोनी. इवली इवली खोकी. काहींचे कोपरे झिजलेले, पण खोकीच.

"कोणी कापले हे?"

"कोणी नाही. ते वाढतातच असे. आत सोडियमचा एक कण, मग क्लोरीनचा एक कण, एकाआड एक. प्रत्येकाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे दुसऱ्या तऱ्हेचा कण. त्याच्याभोवती परत पहिल्या तऱ्हेचे. असं चहूकडे चालूच राहतं."

मी विचार केला. "मग ह्यातला कोणता कोणाचा जोडीदार?"

"तसं सांगताच येत नाही आजी. सगळे शेजारी सारखेच धरून असतात."

नाना पेपराआडून म्हणाले, "म्हंजे मीठमा लगीनच नई व्हत! सुखी शे मीठ."

"तुम्ही गप्प वाचा," मी म्हटलं. पण मला ते फार आवडलं. इतकी वर्षं डाळीत, भाजीत, कैरीवर मीठ टाकते आहे मी. चिमटीत धरते आहे. आणि प्रत्येक दाण्यात असं गाव वसलेलं, जिथं प्रत्येकाला सगळ्या बाजूंनी शेजार.

त्याच दुपारी ती पुढचं वाचत होती की मांडणीत कधीकधी एखादी जागा रिकामीच राहते, कण तिथून गेलेला असतो. तेवढं ऐकलं आणि मला डुलकी लागली.

स्वप्नात मी मिठाच्या दाण्यात होते. हसू नको. आत गेले तर ती आपली केळीबाग. तुझ्या मामाच्या गावची, रावेरकडची, मी लहान असतानाची. चौफुलीवर लावलेली, उभ्या-आडव्या ओळी सारख्या अंतरावर. तुला आठवते का, तू लहानपणी बसच्या खिडकीला नाक लावून बघायचीस? बस पुढे गेली की ओळ उघडायची, पार टोकापर्यंत दिसायची, आणि लगेच मिटायची. मग तिरपी ओळ उघडायची. कुठूनही बघा, ओळच. तू मला विचारायचीस, "आई, झाडं आपल्याबरोबर फिरतात का?" तशीच ती बाग होती, पण खोडं मिठासारखी पांढरी, आतून उजेड असलेली, आणि डोक्यावरही बाग, पायांखालीही बाग. पानाला पान घासल्याचा आवाज. ओल्या मातीचा वास. पुढे आबा चाललेले, माझे वडील, खांद्यावर पंचा, अनवाणी. मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत होते, आणि माझा हात धड होता.

चालता चालता एक जागा आली जिथं खोडच नव्हतं. नुसता उजेड उभा होता तिथं, खोडाएवढा. मी थांबले. आबा मागे न बघता म्हणाले, "ते एक गेलं."

"मग बाग?"

"बागेचं काय? बाग उभी हाय."

जाग आली तेव्हा चौकोन भिंतीवर चढले होते. पोरीला सांगितलं तर तिला आधी खोटंच वाटलं. मग म्हणाली, "आजी, बरोबर आहे. एक जागा रिकामी झाली तरी खडा पडत नाही, आजूबाजूचे धरून ठेवतात. आणि गंमत सांगू? मीठ सोडियमच्या वाफेत तापवलं की त्यात अशा रिकाम्या जागा तयार होतात, आणि तेवढ्यानं पांढरं मीठ पिवळं दिसायला लागतं."

"रिकाम्या जागेनं रंग येतो?"

"हो. तिथं एक इवलासा इलेक्ट्रॉन अडकून बसतो, त्याच्यामुळे."

ते पिवळं मीठ मी अजून पाहिलेलं नाही, पण कितीतरी दिवस ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. हळदीचं बोट लागल्यासारखं.

प्लास्टर निघालं तेव्हा होळी जवळ आलेली. मला वाटलं, आता सुटले. कुठलं काय! आतून निघालेला हात माझा वाटेचना. बारीक, पांढुरका, बोटं लाकडासारखी. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडे बघायचे, पण भेटायचे नाहीत. घासाला हात तोंडापर्यंत जायचा, पण घास वाटेत सांडायचा. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "अक्का, हात कसा शे?" मी म्हणायचे, "बरा शे, बरा शे," आणि पदराखाली लपवायचे.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, गोड बोलणारी. तिनं एक मऊ चेंडू दिला. दिवसातून थोडा थोडा दाबायचा म्हणे. चेंडू दाबून कोणाला मांडे करता आलेत? मी घरी आल्यावर माझाच व्यायाम काढला. कोणी बघत नसलं की डाव्या हातानं उजव्याची बोटं धरायची आणि मागे ओढायची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मनात म्हणायचे, दोरी ताणल्याशिवाय सरळ होत नाही.

परीक्षा झाल्यावर तुझ्या भाचीला पुढच्या परीक्षेचा अभ्यास होता, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं एका पेल्यात साखरेचा दाट पाक घेतला, पेन्सिलीला दोरा बांधून आत सोडला आणि खिडकीत ठेवला. खडीसाखर होणार म्हणाली. "कोणी हलवायचं नाही. सावकाश झालं तरच मोठे खडे धरतात." हे मला पटलं. तुपाचंही तसंच ना? कढवून गार जागी घाईनं ठेवलं की नुसतं थिजतं, आणि सावकाश निवलं की रवा धरतं. पण नानांना कोण सांगणार? त्यांचं भिंग त्या पेल्यामागं पडलेलं. पेला उचलला, हिंदकळला, परत ठेवला, आणि वर मलाच म्हणाले, "मी काई कये नई." काहीच केलं नाही म्हणे! दुसऱ्या दिवशी तळाशी नुसता चुरा. पोरगी रुसली. मग दुसरा पेला तिनं धान्याच्या कोठीमागं ठेवला, जिथं नानांचा हात जात नाही.

आणि त्याच रुसव्यात तिनं तो ओव्हन काढला. तुझ्या वहिनीनं लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतला होता, तोच. मधल्या काळात त्यात पापडांचे डबे राहायला गेले होते. मामाच्या गावाहून केळ्यांची फणी आली होती, ती भराभर पिकत होती. पोरगी म्हणाली, "आजी, आपण केळ्याचा पाय करू."

नाना व्हरांड्यातून ओरडले, "हात मोडना, आते पाय करी ऱ्हायनी का?"

इंग्रजांची पोळी असते गं ती. खाली मैद्याची पारी, मधे फळांचं सारण, वर परत मैदा, आणि सगळं भाजायचं. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. वरच्या मैद्याच्या पट्ट्या कापून एक वर, एक खाली, अशा विणलेल्या. मी फोटो बघितला आणि उठूनच बसले.

"ही तर खाट आहे!"

आता खाट मला कोणी शिकवायची? आबांसारखी खाट आमच्या गावात कोणी विणत नव्हतं. मळ्यातून आले की अंगणात चौकट आडवी टाकायचे, आणि दुसऱ्या बाजूनं दोरी धरायला मी. एक वर, एक खाली, मग गुडघा लाकडाला लावून अशी ओढायचे की दोरी वाजायची. बोटानं टिचकी मारून दाखवायचे. म्हणायचे, "ढिली खाट अन् ढिली जीभ, दोन्ही माणसाला खाली पाडतात."

पोरीनं मैद्यात गार तूप चोळलं, बर्फाच्या पाण्यानं भिजवलं. केळी, गूळ, वेलची, लिंबू असं सारण केलं. करंजीच्या कातण्यानं पट्ट्या कापल्या आणि म्हणाली, "विण तू. डॉक्टरांनी हात वापरायला सांगितलंय." मी विणली. कशी विणली ते विचार. प्रत्येक पट्टी धरून ताणली, ताटलीच्या काठाशी दाबून चिकटवली, एकाला एक अशी भिडवली की मुंगी आत जाऊ नये. बोटं दुखत होती, तरी ओढत होते. झाल्यावर टिचकी मारायचाही मोह झाला. पोरगी म्हणाली, "आजी, फोटोत मधे मोकळी जागा आहे." मी म्हटलं, "फोटो काढणारीला विणता येत नसेल."

ओव्हनमध्ये घातलं. आधी छान वास आला. मग वेगळा वास आला. मग धूर. उघडून बघतो तर माझ्या सगळ्या पट्ट्या काठापासून सुटून आखडलेल्या, मधे गोळा होऊन वर आलेल्या, आणि आतून गूळ उसळून खालच्या तारेवर सांडून काळा ठिक्कर.

नाना चष्मा लावून बघायला आले. "हाई काय शे? खाट शे का पोळी?"

"खाट. झोपा तिच्यावर."

मग तिघांनी चमचे घेतले आणि मधलं सारण खरवडून खाल्लं. फार चांगलं लागत होतं, हे मात्र खरं. पोरगी मोबाइलमध्ये शोधत बसली होती. "आजी, कणकेला ताण दिला की ती भट्टीत परत आखडते. आणि वाफेला जागा नाही ठेवली तर ती कुठूनही फोडून बाहेर येते. जाळी सैल पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचा वार होता. त्या गोड मुलीनं माझा हात हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. बोटं सुजली होती. "आजी, तुम्ही ओढता ना घरी? हे काय दोरखंड आहे का? ओढलं की आतून आणखी आखडतात. हळू. मोकळी सोडत चला."

मी पोरीकडे बघितलं, पोरीनं माझ्याकडे. ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मग मीही. ती मुलगी बिचारी गोंधळली. तिला वाटलं आम्ही तिलाच हसतोय. पोरगी म्हणाली, "मॅडम, कालचा पाय पण असाच फुटला." त्यावर तर ती आणखीच घाबरली. विचारते, "कोणाचा?"

मग आम्ही परत केला. ह्या वेळी मैद्याला निवांत झाकून ठेवलं. पट्ट्या ताणल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या, लहान लेकराला पाळण्यात ठेवावं तशा. एक उचलायची, दुसरी खालून सरकवायची, पहिली सोडायची. एक उचलायची, दुसरी सरकवायची. मधे मधे चौकोन मोकळे. दुपारची वेळ होती, घर शांत होतं, केळ्याचा आणि वेलचीचा वास होता. मला परत ती गोळ्यांच्या दिवसांतली साय डोळ्यांवर आल्यासारखी झाली. हाताकडे माझं लक्षच नव्हतं. मी आबांच्या समोर बसले होते, चौकटीच्या ह्या बाजूला, आणि ह्या वेळी ते दोरी ओढत नव्हते. शेवटची पट्टी काठाला लावायची होती. ती चिमटीत धरली, लावली, आणि मगच माझ्या लक्षात आलं. चिमटीत धरली होती! अंगठा आणि बोट भेटले होते. मी परत सोडून परत धरून बघितलं. पोरीला हाक मारणार होते, पण नाही मारली. थोडा वेळ ते माझ्यापाशीच ठेवलं.

ओव्हनच्या काचेसमोर मी पाट घेऊन बसले. आत पिवळा दिवा. जाळी हळूहळू बदामी होत गेली, आणि प्रत्येक चौकोनातून गूळ डोकावायचा, बुडबुडा यायचा, फुटायचा, वाफेचा एक धागा वर जायचा. मोकळ्या जागांनीच सगळं श्वास घेत होतं बघ. जाळी वाकडी होती, एका बाजूला दोन पट्ट्या चुकून लागोपाठ वरून गेल्या होत्या. पण तुटली नाही. नानांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "बरी शे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

आता खरं सांगायचं ते सांगते.

त्यानंतर मला वाटलं, चिमूट आली, आता मांडाही येईल. परवा तुझा फोन ठेवला आणि रागातच उठले. सूनबाई शाळेत होती. डाळ शिजवली, पुरण वाटलं, खापर चुलीवर पालथं घातलं. एकच गोळा घेतला. लाटला. हातावर घेतला. पहिल्या झोक्याला बरा पसरला, दुसऱ्या झोक्याला मनगट वळलंच नाही. उजवी बाजू खाली लोंबली, मी सावरायला गेले, फाटला. अर्धा खापरावर, अर्धा चुलीत.

रडले का? रडले थोडी. मग हाताकडे बघितलं. सुजला नव्हता, दुखतही नव्हता. तो आपला जेवढा वळायचा तेवढा वळून थांबला होता. ओढायचं मनात आलं होतं, ओढला नाही. पेल्यातली साखर आठवली. कोठीमागं बसून सावकाश धरते आहे, कोणी हिंदकळलं तर चुरा. ह्या आखाजीला नाही यायचा मांडा. पुढच्या आखाजीला येईल, किंवा नाही येणार. मी बसल्या बसल्या ते मनाला सांगून टाकलं. तेवढ्यात नाना आले, खापरावरचा फाटका तुकडा उचलून तोंडात टाकला, फुंकर मारत मारत खाल्ला. म्हणाले, "चव तीच शे."

तर मी काय ठरवलंय ते ऐक. तू म्हणतेस, मी आले की आई मांडे करायला उभी राहील. नाही राहणार. मला ह्या हातानं मांड्यांना उभं राहताच येत नाही, म्हणून तर तू यायचं आहेस. पुरण मी वाटीन, तेवढा हात चालतो. पीठ मी भिजवून देईन, कापडानं चाळून. खापरापाशी तू उभं राहायचंस. मी पाटावर बसून सांगेन, कोपर कधी उचलायचं, कधी सोडायचं. तुला मांडे येत नाहीत हे तू सासरी कोणाला कळू दिलं नाहीस, दरवेळी माझेच बांधून नेतेस, मला काय ठाऊक नाही? पहिला फाटेल. दुसराही फाटेल. नाना आहेत खायला. तोवर मी आमरसाच्या शेजारी ठेवायला केळ्याचा पाय विणते, सैल. आखाजीच्या ताटात तो कोणी वाढला नसेल आजवर, तर आपण वाढू.

तुझ्या भाचीच्या दुसऱ्या पेल्यात खडे छान धरलेत. दोऱ्याला लगडलेत, उजेडात धरले की आत ऊन अडकल्यासारखं दिसतं. तिनं सगळ्यात मोठा खडा तुझ्यासाठी काढून ठेवलाय आणि नानांपासून लपवलाय.

रिकामी जागा राहिली तरी बाग उभी राहते, हे मला आता माहीत आहे. तू नाही आलीस तर घर काही पडायचं नाही. रिकाम्या जागेनं मिठाला रंग चढत असेल, चढू दे. आपल्या घराला तो रंग नको मला.

निंबाला झोका उद्या बांधून घेते. सकाळच्या गाडीनं निघ, म्हणजे उजेडात पोचशील, नाना स्टँडवर उभे असतील. डबा, मिठाई काही आणू नकोस, दोन हात घेऊन ये. आणि आखाजीच्या दिवशीच कशाला, चार दिवस आधीच ये ना गं. लवकर ये.